पुनरुत्थानाच्या सणाची तारीख : चंद्र, सूर्य आणि रविवार

उपवासकाळ जवळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास पुढे येतो. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. मग पुनरुत्थानाचा सण कधी मार्चमध्ये, तर कधी एप्रिलच्या अखेरीस का? विचारणारा जरा चौकस असला तर तो याहून पुढे जातो : प्रभू मरणातून कोणत्या दिवशी उठला हे ख्रिस्तसभेला ठाऊक नाही काय? ह्यावर आपण बहुतेक जण एक पाठ केलेले उत्तर देतो. वसंतसंपातानंतर जी पौर्णिमा येते तिच्यानंतरचा रविवार, असे ते उत्तर. ते चुकीचे नाही. पण त्याने शंका मिटत नाही. पौर्णिमेचा येथे संबंध काय, संपात कशासाठी, आणि हा नियम घातला कोणी, हे तीनही प्रश्न शिल्लकच राहतात. शिवाय, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, शब्दशः घेतल्यास ते उत्तर काही वर्षी लागूही पडत नाही.

आपल्या मंडळ्यांमध्ये सेवा करणाऱ्यांना हा विषय नीट समजणे अगत्याचे आहे. आपल्या शेजाऱ्यांचे बहुतेक सण चंद्राच्या गतीवर चालतात आणि सरकारी कामकाज सूर्याच्या वर्षावर चालते. आपली माणसे ह्या दोहोंमध्ये राहतात. अशा वेळी आपल्या सर्वांत मोठ्या सणाचा हिशेब आपल्याला सांगता येऊ नये, हे बरे नव्हे.

चंद्राचा महिना व सूर्याचे वर्ष

मूळ अडचण सृष्टीच्या रचनेतच आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. ऋतूंचे चक्र मात्र ३६५.२४ दिवसांनी पुरे होते. दोहोंत जवळजवळ अकरा दिवसांचे अंतर पडते. केवळ चंद्र धरून चालावे तर सण ऋतूंना सोडून जातात. केवळ सूर्य धरून चालावे तर महिन्याचा चंद्राशी संबंध तुटतो. ह्या अडचणीतून निरनिराळ्या समाजांनी तीन मार्ग काढले आहेत, आणि तीनही आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

पहिला मार्ग इस्लामी कालगणनेचा. तीत बारा चांद्रमासांचे वर्ष असून त्यात भर घालण्याची सोय नाही. म्हणून रमजान व ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून पूर्वस्थानी येतात. दुसरा मार्ग शुद्ध सौर गणनेचा. नाताळ, गोव्यातील संत फ्रान्सिस झेविअरचा ३ डिसेंबरचा सण, प्रजासत्ताक दिन हे सर्व ह्या गणनेतील होत. मकरसंक्रांतही सूर्याचीच आहे, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. मात्र ती ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जात असल्यामुळे सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

तिसरा मार्ग दोहोंचा मेळ घालणारा. महिने चंद्राचे ठेवावयाचे आणि वर्ष मागे पडू लागले की एक महिना अधिक धरावयाचा. आपल्याकडील पंचांगात ज्या चांद्रमासात सूर्य नव्या राशीत प्रवेश करीत नाही तो अधिक मास, म्हणजेच लोकभाषेतला धोंड्याचा महिना. २०२३ साली अधिक श्रावण आला, म्हणून लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरपर्यंत लांबले. २०२४ साली ते १ नोव्हेंबरला व २०२५ साली २१ ऑक्टोबरला आले. यहूदी लोकांची गणनाही ह्याच जातीची आहे. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या चक्रात सात वर्षी अदार महिना दोनदा येतो. एकोणीस हाच आकडा घेण्याचे कारण असे की एकोणीस सौर वर्षे आणि दोनशे पस्तीस चांद्रमास ह्यांच्या लांबीत अवघ्या दोन तासांचे अंतर आहे. म्हणजे एकोणीस वर्षांनी पौर्णिमा पुन्हा बहुधा त्याच तारखांना येतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या सणाचे कोष्टक तिच्यावरच उभे आहे.

वल्हांडणापासून रविवारापर्यंत

प्रभूच्या मृत्यूचा व पुनरुत्थानाचा काळ शुभवर्तमानकारांनी रोमी तारखेने सांगितलेला नाही. त्यांनी तो दोन खुणांनी सांगितला आहे : वल्हांडण सण आणि आठवड्याचा पहिला दिवस. वल्हांडण निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी येई (निर्गम १२, लेवीय २३). चांद्रमासाचा चौदावा दिवस म्हणजे पौर्णिमेची वेळ. आणि निसान हा वसंताचा महिना. पौर्णिमा व वसंत ह्या दोन गोष्टी आपल्या सणात आल्या त्या येथून. अभ्यासकांनी गणित करून क्रूसावरील मृत्यूसाठी इ. स. ३० मधील ७ एप्रिल आणि इ. स. ३३ मधील ३ एप्रिल ह्या दोन तारखा प्रामुख्याने सुचवल्या आहेत. परंतु आद्य ख्रिस्ती लोकांना अशा तारखेची गरज वाटली नाही. वल्हांडणाच्या कोकऱ्याच्या जागी ख्रिस्ताचा यज्ञ झाला ही त्यांची श्रद्धा होती (१ करिंथ ५), आणि ती श्रद्धा वल्हांडणाच्या ऋतूत व प्रभूच्या दिवशी प्रकट होणे हेच त्यांना महत्त्वाचे वाटे.

मात्र ह्या दोन खुणा दरवर्षी एकत्र येत नाहीत. निसानचा चौदावा दिवस कोणत्याही वारी येऊ शकतो. तेव्हा धरावयाचे काय, तिथी की वार? आशिया प्रांतातील मंडळ्या तिथी धरीत; रोम व इतर पुष्कळ मंडळ्या रविवार धरीत. इ. स. १५५ च्या सुमारास स्मर्नाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले व तेथील बिशप अनिसेटस यांच्याशी त्यांनी ह्याविषयी चर्चा केली. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे मन वळवू शकला नाही. तरी अनिसेटस यांनी आपल्या मंडळीत पॉलिकार्प यांना प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान दिला आणि दोघे शांतीने निरोप घेऊन वेगळे झाले. सुमारे पस्तीस वर्षांनी रोमचे बिशप व्हिक्टर यांनी तिथी पाळणाऱ्या आशियातील मंडळ्यांशी संबंध तोडण्याचा पवित्रा घेतला. त्या वेळी लिओंचे बिशप आयरेनियस स्वतः रविवार पाळणारे असूनही त्यांनी व्हिक्टर यांना ह्याच भेटीचे स्मरण करून दिले आणि तारखेसाठी सहभागिता मोडू नये अशी कळकळीची विनंती केली. इतिहासकार युसेबियस यांनी हा पत्रव्यवहार जपून ठेवला, म्हणून तो आपल्याला उपलब्ध आहे.

नायसिया आणि कोष्टकाचा जन्म

इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने सर्व मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असा निर्णय केला. पाठ केलेला नियम नायसियाने शब्दशः लिहून दिला, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. परिषदेच्या वीस नियमांत त्याचा उल्लेख नाही. निर्णय आपल्याला परिषदेच्या व सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पत्रांवरून कळतो. गणिताची प्रत्यक्ष रीत अलेक्झांड्रियाच्या मंडळीत विकसित झाली आणि इ. स. ५२५ मध्ये डायोनिशियस एक्झिग्युअस ह्या संन्याशाने ती रोममध्ये मांडली. पश्चिमेत ती हळूहळू सर्वमान्य झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. सम्राटाच्या पत्रात यहूदी लोकांविषयी कठोर व तिरस्काराचे शब्द आहेत. त्यांच्यापासून वेगळे होणे हाही त्या निर्णयाचा एक हेतू होता. वर्गात हा इतिहास शिकवताना तो तिरस्कार आपण पुढे चालवू नये. प्रभू स्वतः वल्हांडणाला बसला होता, आणि १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहूदी लोकांविषयीच्या द्वेषाचा निःसंदिग्ध निषेध केला आहे.

अलेक्झांड्रियाच्या रीतीत दोन गोष्टी गृहीत धरल्या गेल्या. संपात २१ मार्चला होतो असे कायमचे मानले गेले. आणि पौर्णिमा आकाशात पाहून नव्हे, तर एकोणीस वर्षांच्या चक्राच्या कोष्टकावरून घेतली जाऊ लागली. ह्या योजनेचा लाभ मोठा होता. दूरच्या खेड्यातील धर्मगुरूलाही पुढील अनेक वर्षांचे सण आधीच सांगता येऊ लागले. तिच्यात दोष मात्र राहून गेला.

दहा दिवसांची दुरुस्ती

इ. स. पूर्व ४५ पासून चालू असलेल्या ज्यूलियन गणनेत वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरले जाई. खऱ्या सौर वर्षाहून ते सुमारे अकरा मिनिटांनी मोठे आहे. अकरा मिनिटे क्षुल्लक वाटतात. परंतु १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत खरा संपात ११ मार्चवर आला होता आणि वसंताचा सण उन्हाळ्याकडे सरकू लागला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी लुइजी लिलिओ ह्या वैद्याची योजना स्वीकारली. येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी तिचे विवरण व समर्थन केले. त्यानुसार ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख धरण्यात आली. आव्हिलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री निवर्तली. तिचा सण १५ ऑक्टोबरला असतो तो ह्यामुळे. पुढे शतकाअखेरची वर्षे चारशेने भाग गेल्यासच लीप धरावी असे ठरले. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते व २००० होते.

ही दुरुस्ती सर्वांनी एकदम स्वीकारली नाही. इंग्रजांनी ती १७५२ साली स्वीकारली. ह्याचा परिणाम आपल्या इतिहासातही दिसतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला शरण आला. पोर्तुगीज रीतीने तो दिवस १६ मे होता. मुंबईच्या इंग्रजांच्या रीतीने तोच दिवस ५ मे ठरतो. दिवस एक, सूर्य एक, तारखा मात्र दोन. रशियाने नवी गणना १९१८ साली व ग्रीसने १९२३ साली नागरी व्यवहारात घेतली; पण पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या पुनरुत्थानाच्या सणासाठी अद्याप जुनेच कोष्टक वापरतात.

तारीख कशी काढावी

धर्मशिक्षकाने एकदा तरी ही तारीख स्वतः काढून पाहावी. रीत सोपी आहे. इसवी सनाला १९ ने भागावे व बाकीत १ मिळवावा. येणाऱ्या आकड्यास सुवर्णांक म्हणतात. १९०० ते २१९९ ह्या काळासाठी सुवर्णांकानुसार सणाची पौर्णिमा अशी आहे : १ – १४ एप्रिल, २ – ३ एप्रिल, ३ – २३ मार्च, ४ – ११ एप्रिल, ५ – ३१ मार्च, ६ – १८ एप्रिल, ७ – ८ एप्रिल, ८ – २८ मार्च, ९ – १६ एप्रिल, १० – ५ एप्रिल, ११ – २५ मार्च, १२ – १३ एप्रिल, १३ – २ एप्रिल, १४ – २२ मार्च, १५ – १० एप्रिल, १६ – ३० मार्च, १७ – १७ एप्रिल, १८ – ७ एप्रिल, १९ – २७ मार्च. ह्या तारखेनंतरचा रविवार हा पुनरुत्थानाचा सण. पौर्णिमाच रविवारी आली तर त्यापुढील रविवार धरावा.

उदाहरणार्थ, २०२६ ला १९ ने भागल्यास बाकी १२ उरते, सुवर्णांक १३, पौर्णिमा २ एप्रिल, गुरुवार, म्हणून सण ५ एप्रिलला. २०२५ चा सुवर्णांक १२. पौर्णिमा १३ एप्रिल, तीही रविवारी. म्हणून सण २० एप्रिलला आला. ह्या रीतीने सण २२ मार्चच्या अलीकडे व २५ एप्रिलच्या पलीकडे जाऊ शकत नाही. २५ एप्रिल ही तारीख १९४३ साली आली होती व २०३८ साली पुन्हा येईल. २२ मार्च ही १८१८ साली आली होती; ती पुन्हा येण्यास २२८५ साल उजाडावे लागेल.

एक तारीख ठरली की तिच्या आधारे बाकीच्या ठरतात. सणापूर्वी ४६ दिवस भस्म बुधवार, त्यानंतर चाळिसावा दिवस स्वर्गारोहणाचा व पन्नासावा पवित्र आत्म्याच्या आगमनाचा. गोव्यातील कार्निव्हाल भस्म बुधवारच्या आधीच्या दिवसांत होत असल्याने तोही ह्याच पौर्णिमेने बांधलेला आहे. तो २०२४ साली १३ फेब्रुवारीला संपला, तर २०२५ साली ४ मार्चला.

पंचांगाशी ताडून पाहणे

कोष्टकातील पौर्णिमा मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत आली तर ती बहुधा फाल्गुनी असते. एप्रिलमध्ये आली तर बहुधा चैत्री. म्हणून २०२४ साली होळी व झावळ्यांचा रविवार २४ मार्चला एकत्र आले, आणि इंदुरात रंगपंचमीची गेर निघाली तो ३० मार्च आपला पवित्र शनिवार होता. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला, प्रभुभोजनाच्या गुरुवारीच आली. हा योगायोग नव्हे. दोन्ही सण एकाच चंद्राकडे पाहतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील स्थानिक लोक महिना पौर्णिमेला संपवतात, तर मराठी घरांत व बेळगाव, वडोदरा, हैदराबाद भागांत तो अमावास्येला संपतो. त्यामुळे आपल्या फाल्गुन वद्य पक्षाला तिकडे चैत्र कृष्ण म्हणतात. नाव बदलले तरी सणाचा दिवस बदलत नाही, हे तेथील मराठी कुटुंबांना अनुभवाने ठाऊक आहे.

आता पाठ केलेल्या उत्तरातील त्रुटी पाहू. २०१९ साली खरा संपात भारतीय वेळेनुसार २१ मार्चच्या पहाटे झाला व त्यानंतर काही तासांतच पौर्णिमा पूर्ण झाली. नियम शब्दशः लावल्यास सण २४ मार्चला यावयास हवा होता. परंतु कोष्टकाप्रमाणे ती पौर्णिमा २१ मार्चच्या आधीची ठरली. पुढची १८ एप्रिलला, आणि सण २१ एप्रिलला झाला. ह्यात ख्रिस्तसभेचे गणित चुकले असे कोणी म्हटल्यास त्याला सांगावे की पौर्णिमा हा एक क्षण असतो. तो एका देशात बुधवारी तर दुसऱ्या देशात गुरुवारी येऊ शकतो. सर्वांनी एकाच दिवशी आनंद करावा म्हणून ख्रिस्तसभेने आकाशातील क्षणाऐवजी ठरावीक कोष्टक पत्करले. टिळक पंचांग व इतर पंचांगे ह्यांच्या अयनांशात भेद असल्याने क्वचित अधिक मास वेगळा धरला जातो व सणांत महिन्याचे अंतर पडते, हे आपल्या वाचकांना माहीत असेलच. गणना कोणतीही असो, अखेरीस समाजाने मिळून एक रीत मान्य करावी लागते.

तारीख व ऐक्य

ही रीत अद्याप सर्व ख्रिस्ती लोकांची एक झालेली नाही. जुन्या कोष्टकाचा संपात आज तेरा दिवस मागे आहे व त्याची पौर्णिमाही चार-पाच दिवस उशिरा येते. म्हणून ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा सण कधी आपल्याबरोबर, तर कधी एक, चार वा पाच आठवड्यांनी येतो. २०२४ साली आपला सण ३१ मार्चला, यहूदी वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी व ऑर्थोडॉक्स सण ५ मे रोजी होता. २०२५ हे नायसियाचे सतराशेवे वर्ष. त्या वर्षी मात्र वल्हांडण १२ एप्रिलच्या संध्याकाळी आला आणि पूर्व व पश्चिम दोघांनी २० एप्रिलला एकत्र सण केला. २०२७ साली पुन्हा २८ मार्च व २ मे अशा दोन तारखा आहेत.

ऐक्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १९२८ साली एप्रिलमधील एक ठरावीक रविवार नेमणारा कायदा केला. तो कधीच अमलात आला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली जाहीर केले की इतर मंडळ्यांची संमती असल्यास ठरावीक रविवारास आपला विरोध नाही. १९९७ साली अलेप्पो येथील विचारविनिमयात, नायसियाचा नियम राखून संपात व पौर्णिमा यरुशलेमच्या रेखांशावरून आधुनिक ज्योतिर्गणिताने काढाव्यात असे सुचवण्यात आले. ह्यांपैकी कोणत्याच सूचनेवर सर्वांचे एकमत झालेले नाही. गणित कठीण आहे म्हणून हे अडले नाही. परस्परविश्वास तोकडा पडतो म्हणून अडले आहे. पॉलिकार्प व अनिसेटस यांचे गणितही जुळले नव्हते, तरी त्यांची सहभागिता टिकली.

वर्गात काय सांगावे

प्रारंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाला आता असे उत्तर देता येईल. नाताळ हा सूर्याच्या वर्षात बसवलेला सण आहे. प्रभूच्या जन्माची तिथी शुभवर्तमानांत नाही, आणि रोममध्ये २५ डिसेंबर हा दिवस चौथ्या शतकापासून पाळलेला आढळतो. पुनरुत्थानाचा सण मात्र वल्हांडणाच्या चंद्राला, वसंताच्या सूर्याला व आठवड्याच्या पहिल्या दिवसाला धरून आहे. तिघांचा मेळ बसवताना तारीख हलते. ती हलते ह्याचा अर्थ घटना अनिश्चित आहे असा नव्हे. उलट घटना ज्या खुणांनी शास्त्रात नोंदली आहे, त्या खुणा जपल्यामुळेच ती हलते.

ह्याबरोबर दुसरीही गोष्ट शिकवावी. सण, अमावास्या व शब्बाथ ह्यांवरून कोणी कोणाचा न्याय करू नये, कारण त्या गोष्टी छायारूप असून सत्य ख्रिस्तामध्ये आहे, असा बोध पौलाने कलस्सैकरांस केला (कलस्सै २). मोशेच्या नियमशास्त्रातही ही दृष्टी आहे. जो अशुद्ध झाल्यामुळे किंवा दूरच्या प्रवासात असल्यामुळे वल्हांडण पाळू शकला नाही, त्याने तो दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळावा अशी परवानगी देवाने दिली (गणना ९). आणि हिज्कीया राजाने तर सर्व प्रजेसह तो दुसऱ्या महिन्यात पाळला (२ इतिहास ३०). तारीख देवाने नेमली, आणि ती चुकलेल्यासाठी दुसरी तारीखही त्यानेच नेमली.

आपल्या धर्मग्रामांत अशी माणसे दरवर्षी असतात. पवित्र सप्ताह मार्चमध्ये आला की मुलांच्या परीक्षा त्याच्या आड येतात. रुग्णालयात पाळी असलेली परिचारिका, गाडीवर गेलेला रेल्वे कर्मचारी, ऑर्थोडॉक्स घरात दिलेली मुलगी, ह्यांना त्या रविवारी आपल्या वेदीपाशी येता येत नाही. त्यांची गैरहजेरी मोजण्यापूर्वी आपण गणनेचा नववा अध्याय आठवावा. पुनरुत्थानकाळ एका दिवसाचा नसून पन्नास दिवसांचा आहे. त्या पन्नास दिवसांत त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणे, त्यांच्यासाठी प्रभुभोजनाची सोय करणे हे आपल्या हाती आहे. येत्या वर्षाचे सण फलकावर लिहिताना त्याच कागदावर अशा घरांची नावेही टिपून ठेवावीत.